विटाळाचं यंत्र

मी विज्ञानकथा लिहायला घेतली. साल 2127. प्रवरेकाठी विटाळ मोजायचं यंत्र बसवलंय. कारखान्याचं मळीचं पाणी नदीत उतरतं, मासे उताणे होतात, काटा ढिम्म. आमच्यातली बाई हंडा बुडवते अन् भोंगा वाजतो. शास्त्रज्ञ म्हणतात, नदीला बळी पाहिजे. गावाची बोटं तेव्हाही महारवाड्याकडंच.

हसू नका. 1927 ला महाडात बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी घेतलं, तर सनातन्यांनी तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या 108 घागरी ओतल्या. अन् त्याला शुद्धी म्हणाले! माझं यंत्र त्यापुढं काहीच नाही.

आयला कथा वाचून दाखवली. ‘झ्याक हाय,’ म्हणाली. मग हळूच, ‘पर लेका, मळीचा व्हॉल सोडतं कोण?’

रात्रपाळीला मीच सोडतो. साहेब नुसती मान हलवतो.