कोल्हापूर–मुंबई : विमानाचा एक तास, आगगाडीची एक रात्र

कोल्हापूरला आगगाडी आली ती १८९१ साली आणि उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ झाला तो १९३९ साली. दोन्ही संस्थानी काळातल्या गोष्टी. पण शेतकऱ्याचा घरोबा राहिला तो आगगाडीशीच. विमान वरून जायचे आणि आपण वैरण कापता कापता मान वर करून बघायचे, एवढाच त्याचा संबंध. २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेतील विमाने सुरू झाली. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांवर अडीच हजारांची मर्यादा आली आणि टोपी-पटका घातलेली माणसेही विमानतळावर दिसू लागली. चांगलेच झाले. मात्र ही सवलत एका मार्गाला तीन वर्षांपुरतीच असते. पुढे तिकीट बाजारभावाने. म्हणून मुंबईला जायचे म्हटले की घरोघर प्रश्न पडतो : गाडीने की विमानाने?

आधी गाडीची वाट पाहू. मुंबईपर्यंत लोहमार्ग ५१८ किलोमीटर. कोयना एक्स्प्रेसने दिवसा निघावे, म्हणजे आपला मुलूख डोळे भरून दिसतो. मिरजेपर्यंत दुतर्फा ऊस. पुढे भिलवडी, किर्लोस्करवाडीकडे उसाच्या जोडीला द्राक्षबागा. कऱ्हाडचे स्टेशन गावाबाहेर ओगलेवाडीला, साताऱ्याचे माहुलीकडे. रहिमतपूर-कोरेगाव भागात आल्याची शेते. वाठार सोडले की गाडी आदर्कीच्या घाटात वळणे घेत उतरते. खाली लोणंद, कांद्याची मोठी बाजारपेठ. मग नीरा, आणि जेजुरीला खंडोबाचा गड दिसला की आपोआप हात जोडले जातात. पुण्यानंतर बोरघाट, १८६३ साली खुला झालेला. एका दिवसात इतकी पिके, इतक्या जमिनी बांधावर न जाता पाहायला मिळतात.

घाई असेल त्याने रात्रीची महालक्ष्मी धरावी. जेवण करून बसावे, झोपावे, सकाळी दादरला उतरावे.

आता विमान. हवाई अंतर सुमारे ३०० किलोमीटर, उड्डाण तासाभराचे. पण सामान घेण्याची खिडकी तासभर आधी बंद होते, म्हणजे दोन तास आधी पोहोचायला हवे. राधानगरी-गडहिंग्लजकडून उजळाईवाडी गाठायची, उतरल्यावर सामानासाठी थांबायचे, मग मुंबईची वाहतूक. घर ते मुक्काम मोजले तर पाच-सहा तास होतात. सामान हातात सात किलो, पोटात पंधरा किलो. विळा, छाटणीची कात्री हातातल्या पिशवीत चालत नाही, आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर सामानातही नाहीत. स्लीपरच्या डब्यात माणशी चाळीस किलोची मोकळीक असते.

एवढ्या जवळच्या प्रवासाला इतके पैसे का, असे पुष्कळजण विचारतात. लहान तुकड्यात ट्रॅक्टर घातला की बांधावर वळण्यातच डिझेल जाते. विमानाचे तसेच. वर चढतानाच इंधन जास्त जळते, आणि प्रवास जवळचा म्हणून विमानतळाचे शुल्क काही त्या मानाने कमी होत नाही. शिवाय दर ठरतो मागणीवर. आवक घटली की टोमॅटो चढतो, तशा जागा घटल्या की तिकीट चढते. डिसेंबर २०२५ मध्ये देशभर शेकडो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा दर इतके भडकले की सरकारला तात्पुरती मर्यादा घालावी लागली. ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार! चौघांचे झाले तीस हजार, म्हणजे सुमारे नऊ टन उसाचे बिल. त्याच महिन्यात रेल्वेचेही भाडे वाढले, पण मेल-एक्स्प्रेसला किलोमीटरमागे दोन पैसे. मुंबईपर्यंत वाढ झाली दहा रुपयांची.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्या भागातून कितीतरी माणसे परळला टाटा रुग्णालयात उपचारासाठी जातात. ती एकदा जात नाहीत, पुन्हा पुन्हा जातात. अशा घराने हे नीट लक्षात ठेवावे : कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री-एसीत भाडे पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे. रुग्णालयाकडून रेल्वेच्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, रुग्णांची चालू राहिली. ती न घेता कर्ज काढून विमानाचे तिकीट काढणे म्हणजे विहीर भरलेली असताना टँकर मागवणे.

तरीही विमान वाईट नाही. रुग्णाला रात्रभराचा प्रवास झेपणारा नसेल, डॉक्टरांनी तसे सांगितले असेल, किंवा घरातले माणूस अखेरच्या घटकेला असेल, तर पैशाकडे पाहू नये. पाच-सहा तास तेव्हा लाखमोलाचे असतात. पण तारीख आधी ठाऊक असेल तर गाडीच बरी. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली की त्याच दिवशी तिकीट काढावे, कारण वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात बसता येत नाही.

पेरणीला वापसा पाहतो, तसा प्रवासालाही पाहावा. विमानासाठी चार पैसे गाठीला बांधून ठेवावेत. पण ते खऱ्या निकडीला. एरवी भाकरी बांधून घ्यावी आणि रात्रीची महालक्ष्मी धरावी.