एक दिवस, एक गाडी आणि ज्वालामुखी!

प्लॅन न करता गेलो, तेव्हा बंद रस्ता दिसला. प्लॅन करून गेलो, तेव्हा उकळता चिखल! कॅलिफोर्नियातल्या लॅसन व्होल्कॅनिक नॅशनल पार्कच्या वन-डे ट्रिपची ही गोष्ट.

'गाडी काढायची आणि सुटायचं' हा आपला ट्रिपचा फॉर्म्युला. शुक्रवारी ऑफिसातून निघता निघता ठरवायचं, शनिवारी पहाटे एक्स्प्रेस-वेला लागायचं, लोणावळ्यात वडापाव हाणायचा आणि रात्री घरी. प्लॅनिंग-बिनिंग हे टूरवाल्यांचं काम. माझंही हेच मत होतं. त्या मे महिन्यापर्यंत.

तेव्हा मी ताईकडे गेले होते. ताई आणि जीजू सॅक्रामेंटोजवळ राहतात, दोघंही आयटीत. आई-बाबा वाईहून सहा महिन्यांसाठी आलेले. मी पडले फ्रीलान्सर, लॅपटॉप उघडला की ऑफिस सुरू. त्यामुळे मीही दोन महिन्यांसाठी जाऊन थडकले.

आमचे बाबा ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवत होते. फळ्यावर रंगीत खडूंनी ज्वालामुखीचा उभा छेद काढावा तर त्यांनीच. लाव्हा लाल, राख करडी, मधली नळी पिवळी. मुलं त्यांना 'ज्वालामुखी सर' म्हणायची. थोडं त्या आकृतीमुळे, थोडं त्यांच्या रागामुळे! पण खराखुरा ज्वालामुखी काही त्यांनी कधी पाहिला नव्हता. अख्ख्या अमेरिकेत त्यांनी मागितली ती एकच गोष्ट. डिस्नेलँड नाही, लास व्हेगास नाही. "इथून लॅसन जवळ आहे म्हणतात. बघता येईल का गं?"

हात्तिच्या, त्यात काय! मी फोनवर मॅप उघडला. तीन तास. झालं प्लॅनिंग! मेअखेरच्या लाँग वीकेण्डला पाच जण गाडीत बसून निघालो. खाली सॅक्रामेंटोत टी-शर्टमध्येही घाम येत होता. वर पार्कमध्ये पोचलो तर दोन्ही बाजूंना बर्फ आणि व्हिजिटर सेंटरच्या पुढे रस्ता चक्क बंद. मॅपनं मला अंतर सांगितलं होतं. पण पुढचा रस्ता उघडा आहे का, हे विचारायचं माझ्याच डोक्यात आलं नव्हतं. बाबा सँडल घालून बर्फाच्या कडेला पाच मिनिटं उभे राहिले आणि गाडीत येऊन बसले.

परतीच्या वाटेवर कुणी फारसं बोललं नाही. "असू दे, पुढच्या वेळी बघू," एवढंच बाबा म्हणाले. बीपीची गोळी चालू असलेले, विमानात पाय सुजणारे ७१ वर्षांचे बाबा 'पुढच्या वेळी' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय होतो, हे गाडीतल्या प्रत्येकाला कळत होतं. ऑगस्टमध्ये त्यांचं परतीचं तिकीट होतं. ताई-जीजूंना एकत्र मोकळा असा जुलैतला एकच शनिवार उरला होता.

मग सूत्रं ताईनं हातात घेतली.

आधी हे लॅसन आहे तरी काय? अमेरिकेच्या पश्चिमेला कॅस्केड नावाची ज्वालामुखींची रांग आहे. तिच्या दक्षिण टोकाचा हा जागृत ज्वालामुखी, उंची १०,४५७ फूट. ३० मे १९१४ रोजी तो जागा झाला. २२ मे १९१५ च्या मोठ्या स्फोटात राखेचा ढग ३० हजार फुटांवर गेला. १९१७ पर्यंत त्याची धुसफूस चालू होती आणि ती चालू असतानाच, १९१६ मध्ये इथे नॅशनल पार्क झालं. अलास्का आणि हवाई सोडली, तर १९८० साली माउंट सेंट हेलेन्स फुटेपर्यंत अमेरिकेतला हा शेवटचा उद्रेक होता. भूगोलाच्या सरांसाठी तर ही खाणच. जगातले ज्वालामुखीचे चारही मुख्य प्रकार या एका पार्कात बघायला मिळतात. आणि ३० मैलांचा एक घाटरस्ता पार्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. म्हणजे गाडीत बसून ज्वालामुखीला वळसा!

ताईनं एक्सेल शीट उघडली आणि तीन नियम सांगितले.

नियम पहिला : आधी रस्ता, मग तारीख. लॅसनच्या रस्त्यावर हिवाळ्यात इतका बर्फ साठतो की तो काढायलाच दोन-दोन महिने लागतात. एखाद्या वर्षी मे महिन्यात रस्ता उघडतो, एखाद्या वर्षी जुलै उजाडतो. ताई रोज सकाळी पार्कच्या वेबसाइटवर रस्त्याची स्थिती बघायची, जसं आपण मुंबईत लोकल बघतो.

नियम दुसरा : ज्याच्यासाठी चाललोय, ते सकाळी. फोटो, खादाडी, शॉपिंग सगळं नंतर.

नियम तिसरा, सगळ्यात अवघड : काय बघायचं नाही, ते आधी ठरवा. ताईनं शिखरावर सरळ काट मारली. बाबांचा चेहरा पडला. "पायथ्याशी जाऊन वर नाही जायचं?"

वर जाऊन यायचं म्हणजे पाच मैल चाल आणि सुमारे दोन हजार फुटांची चढण. तीही साडेआठ हजार फुटांवरून सुरू होणारी. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे इथली पार्किंगची जागाच कळसूबाईच्या तीन हजार फूट वर!

"नाही बाबा," ताई तिच्या ऑफिसातल्या आवाजात म्हणाली. "वर गेलात तर दिवस तिथेच संपला. मग बाकी काहीच नाही."

शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो. हायवे पाचनं सरळ उत्तरेला, दोन्ही बाजूंना बदाम-अक्रोडाच्या बागा. रेड ब्लफ गावात टाकी फुल्ल केली आणि हायवे ३६ नं पूर्वेला वळलो. गवताच्या पिवळ्या टेकड्या गेल्या, ओक गेले, पाइन आले, कान बंद झाले. नऊच्या सुमारास व्हिजिटर सेंटर. त्याचं नाव 'कोम या-मा-नी'. इथल्या माउंटन मायडू लोकांच्या भाषेत लॅसनचं हे नाव आहे, अर्थ 'बर्फाचा डोंगर'. मे महिन्यात आम्हाला तो अर्थ फारच नीट समजला होता!

तिथून मैलभरावर सल्फर वर्क्स. गाडीचा दरवाजा उघडला आणि कुजक्या अंड्यांचा वास आत आला. रस्त्याच्या अगदी कडेला, कठड्यापलीकडे, करडा चिखल रटरटत होता. कढईत पिठलं रटरटावं तसा. आईनं ओढणी नाकाला लावली. "याच्यासाठी साडेतीन तास?" बाबा मात्र एक शब्द बोलले नाहीत. दहा मिनिटं कठड्याला धरून नुसते बघत होते. मग म्हणाले, "इथे माउंट टेहामा नावाचा मोठा ज्वालामुखी होता. तो झिजून गेला. आपण त्याच्या पोटात उभे आहोत." शाळेतला आवाज! कित्येक वर्षांनी ऐकला.

पुढचा थांबा बंपस हेल. बंपस हा १८६० च्या दशकातला इथला एक माणूस. ही जागा लोकांना दाखवताना त्याचा पाय वरच्या पातळ पापुद्र्यातून खालच्या उकळत्या चिखलात गेला. पाय इतका भाजला की शेवटी कापावा लागला. आता तिथे लाकडी फळ्यांची वाट आहे. पार्किंगपासून जाऊन-येऊन तीन मैल. वाट फार चढाची नाही, पण उंची आठ हजार फुटांच्या वर. सकाळी आम्ही जवळजवळ समुद्रसपाटीला होतो, हे शरीर विसरत नाही.

अर्ध्या वाटेत बाबांना धाप लागली. ताईनं काही न बोलता त्यांना दगडावर बसवलं, पाणी दिलं. पुन्हा थोडं चालले, पुन्हा बसले. असं करत आम्ही त्या वळणावर पोचलो, जिथून अख्खं खोरं खाली दिसतं. पांढरी-पिवळी जमीन, निळसर पाण्याची तळी आणि सगळीकडून निघणारी वाफ. इथल्या एका वाफेच्या तोंडाचं तापमान १६१ अंश सेल्सियस मोजलं गेलंय. तिथून खाली उतरायचं म्हणजे परत चढून यायचं. ताई बाबांकडे बघत होती. मी ताईकडे.

"बास," बाबाच म्हणाले. "इथून दिसतंय की सगळं. तुम्ही जा. पण फळ्यांवरूनच चाला."

मी आणि जीजू खाली गेलो आणि त्यांच्यासाठी व्हिडिओ घेऊन आलो. चढून येताना मला धाप लागत होती आणि एकच विचार येत होता. प्लॅन माझा असता, तर मी बाबांना आधी शिखराकडे नेलं असतं. तिथे ते अर्ध्यात बसले असते आणि आज दुसऱ्यांदा काहीच न बघता परत गेले असते.

बाकीचा दिवस निवांत. ८,५१२ फुटांवरचा रस्त्याचा माथा, जुलैतही कडेला उरलेला बर्फ. किंग्ज क्रीकजवळच्या टेबलावर आईचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. वाटेत काळी पडलेली झाडं दिसत राहतात. २०२१ च्या डिक्सी फायरमध्ये पार्कचा सुमारे ६९ टक्के भाग वणव्याच्या पट्ट्यात आला. ज्वालामुखीच्या गावात आग अशीही येते.

दुपारी डिव्हास्टेटेड एरिया. १९१५ मध्ये स्फोट, बर्फ आणि चिखलाचा लोंढा या बाजूनं खाली आला. आता इथे अर्ध्या मैलाची सपाट वाट आहे, व्हीलचेअर जाईल अशी. शेजारी पाट्या लावलेले दगड. इथे बाबांनी जीजूंचा तासच घेतला. "आपला सह्याद्रीसुद्धा लाव्ह्याचाच. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. पण आपला लाव्हा पातळ, भेगांतून वाहत गेला, थरावर थर बसले. पाचगणीहून वाईला उतरताना पायऱ्या दिसतात ना डोंगरात, ते थर! इथला लाव्हा घट्ट. तोंडाशीच थिजला आणि बूच बसलं. तेच हे शिखर." जीजू पाचगणीला दहा वेळा गेलेत. पायऱ्या त्यांनी पहिल्यांदाच ऐकल्या. मीसुद्धा!

बाबांनी एक लहानसा करडा दगड उचलला, हातात फिरवला आणि खिशाकडे हात नेला. "बाबा, इथून दगड न्यायचा नसतो," ताई हळूच म्हणाली. त्यांनी तो होता तिथे ठेवला.

शेवटी मँझनिटा लेक. पाण्यात अख्खं लॅसन उलटं. शेजारच्या लूमिस म्युझियममध्ये बी. एफ. लूमिस यांनी १९१४ मध्ये काढलेले उद्रेकाचे फोटो आहेत. तिथून हायवे ४४ नं रेडिंग गाठलं आणि जेवायला थांबलो. ऑर्डर येईपर्यंत बाबांनी ताईचा छापील प्लॅन मागून घेतला, पालथा केला आणि बॉलपेननं ज्वालामुखीचा उभा छेद काढला. या वेळी नळीच्या तोंडाशी एक जाडजूड बूच होतं.

तो कागद आजही ताईच्या फ्रिजवर आहे. चित्राची बाजू बाहेर, प्लॅनची आत.

लॅसनचा प्लॅन करताय?

कधी? जुलै ते सप्टेंबर सर्वांत सोयीचं. निघण्याआधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर रस्ता आणि बंपस हेलची वाट उघडी आहे का, ते बघा. दोन्ही वेगवेगळ्या वेळी उघडू शकतात.

वणवे : उन्हाळ्यात धूर आणि आगीच्या बातम्याही बघा. जुलै २०२४ मध्ये पार्क फायरमुळे हे पार्क रिकामं करून बंद करावं लागलं होतं.

किती अंतर? सॅक्रामेंटो-रेड ब्लफ-लॅसन-रेडिंग-सॅक्रामेंटो असा फेरा साधारण सव्वाचारशे मैल, म्हणजे पावणेसातशे किलोमीटर. ड्रायव्हर दोन हवेतच.

गाडीत काय? फुल्ल टाकी, भरपूर पाणी, घरचा डबा, जुलैतही जॅकेट, टोपी, धड बूट. पार्कात बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, मॅप आधीच डाउनलोड करा.

ज्येष्ठांसाठी : सल्फर वर्क्स, लेक हेलन, डिव्हास्टेटेड एरिया, मँझनिटा लेक. फार न चालता चारही होतात. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर या उंचीबद्दल डॉक्टरांना आधी विचारा.

आणि हो : गरम जमिनीजवळ वाट सोडू नका. बंपससाहेबांची आठवण ठेवा!