शंभर मैलांची वाट आणि दहीभाताचा डबा

अमेरिकेत लेकीकडे जाणाऱ्या आयांची कामं ठरलेली असतात. जाताना लोणची-पापड न्यायचे, नातवंडांना सांभाळायचं आणि येताना बदाम-पिस्ते आणायचे. मीही तेवढ्याच तयारीनं कॅलिफोर्नियाला गेले होते. पण विमानतळावरून घरी जातानाच लेक म्हणाली, "आई, जूनच्या शेवटच्या शनिवारी मी डोंगरातून शंभर मैल धावणार आहे. डबा मात्र तू करायचास हं!"

शंभर मैल म्हणजे १६१ किलोमीटर. मुंबईहून निघून पुणं गाठायचं आणि वर आणखी थोडं. तेही सडकेनं नव्हे, रानातल्या पायवाटेनं! दोन मुलांच्या आईला हे कुठलं खूळ, असं मनात आलं. पण बोलले नाही.

या शर्यतीचं नाव वेस्टर्न स्टेट्स. तिची जन्मकथा मोठी गमतीची आहे. याच वाटेवर १९५५ पासून घोड्यांची शर्यत होत असे, चोवीस तासांत शंभर मैल. गॉर्डी एन्सली नावाच्या स्वाराचा घोडा लंगडा झाला, तेव्हा १९७४ साली हा गडी स्वतःच घोड्यांबरोबर धावला आणि २३ तास ४२ मिनिटांत पोचला! १९७८ मध्ये पॅट स्माइथ ही पहिली बाई ती वाट पुरी करून आली. पुढे अ‍ॅन ट्रेसन हिनं तर बायकांमध्ये चौदा वेळा पहिला नंबर मिळवला. आता धावणारे इतके झालेत, की आधी दुसरी एखादी लांबची शर्यत पुरी करावी लागते आणि मग चिठ्ठ्या टाकून नावं निघतात.

शनिवारी पहाटे पाचला ऑलिंपिक व्हॅलीतून सगळे निघाले. १९६० चं हिवाळी ऑलिंपिक झालं ते हे ठिकाण. पहिल्या साडेचार मैलांतच अडीच हजार फुटांची चढण. वर गारठा, आणि दुपारी खोल दऱ्यांत उतरावं तर आपल्या नागपूरची आठवण व्हावी असं ऊन! सोनं शोधायला आलेल्या लोकांच्या जुन्या वाटा या. ना घर, ना दुकान. धावणारे टोपीत आणि गळ्यातल्या रुमालात बर्फ बांधून घेतात. चढावर धावायचं नाही, चालायचं. घामाबरोबर मीठ जातं, म्हणून नुसतं पाणी ढोसायचं नाही, खारट काहीतरी खायचं. हे ऐकलं आणि म्हटलं, बाई, हे तर आपल्या अखत्यारीतलं! उकडलेले बटाटे मीठ लावून घेतले आणि मऊ दहीभात कालवला.

फॉरेस्टहिल या गावात आम्ही डबा, कोरडे मोजे आणि बर्फाची पेटी घेऊन वाट पाहत बसलो. तिथवर बासष्ट मैल होतात. संध्याकाळ झाली, रात्र झाली. एकेक दिवा झाडीतून बाहेर येई आणि तो दुसऱ्याच कुणाचा तरी असे. जावई सारखे घड्याळ पाहत होते. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते. लेक आली ती मर्यादा संपून दहा मिनिटं झाल्यावर. तिथल्या माणसानं हळुवारपणे तिच्या मनगटावरची पट्टी कापून घेतली. संपलं!

खरं सांगू? मला आतून हायसं वाटलं. सुटली पोर एकदाची! आणि ते तिनं माझ्या तोंडावर वाचलं. तिच्या टाचांना फोड आले होते, पण डोळ्यांत पाणी आलं ते मला पाहून. दहीभात तसाच राहिला. गाडीत कुणी बोललं नाही.

रविवारी सकाळी तीच लंगडत उठली. "आई, चल. शेवटचे लोक यायचेत."

ऑबर्नच्या शाळेच्या मैदानावर शर्यत संपते. तीस तासांची मर्यादा अकरा वाजता पुरी होते. पहिला आलेला माणूस आदल्या रात्रीच पोचलेला, तरी खरी गर्दी लोटते ती दहा ते अकरा या वेळात! २०१५ साली गुनहिल्ड स्वान्सन नावाच्या सत्तर वर्षांच्या बाई इथे अवघे सहा सेकंद उरले असताना पोचल्या. शेवटच्या मैलात त्यांच्यासोबत त्या वर्षीचा विजेता रॉब क्रार पायांत साध्या सपाता घालून धावत होता.

त्या दिवशीही तसंच. वाकलेली, लंगडणारी माणसं आत येत होती आणि सगळं मैदान उभं राहून त्यांना ओढून आणत होतं. माझी लेक सुजलेल्या पायांवर उभी राहून सर्वांत मोठ्यानं ओरडत होती.

पंगतीत शेवटी बसणाऱ्या आपण बायका. शेवटी येणाऱ्याची इतकी वाट पाहिलेली मी जन्मात पाहिली नव्हती. लेकीची वाट मीही पाहिली होती, पण ती परत फिरावी म्हणून! मग मीही टाळ्या वाजवल्या, हात लाल होईतो.

परतताना म्हटलं, "पुढच्या खेपेला दहीभात आणखी दोन टप्प्यांवर पाठवीन."

ती हसली. "आधी चिठ्ठीत नाव तर निघू दे, आई!" आणि मागच्या सीटवरचा कालचा डबा उघडून खारे बटाटे खाऊ लागली.