दोन इंचांचा हिशेब

सांगलीत पाऊस पडला की काळी माती टायरला अशी चिकटते की नक्षीच दिसेनाशी होते. आमच्या साताऱ्याकडे, कास-बामणोलीच्या अंगाला, जांभ्याचे दगड टायर कुरतडतात. दोन्हीकडच्या जीपवाल्यांचं स्वप्न मात्र एकच, मोठे टायर! रुबाब वाढतो, गाडी उंच होते, चिखलातून निघते. यातलं काहीच खोटं नाही.

माझ्या चुलतभावाने जुन्या जीपला तेच केलं. मूळचे टायर साधारण २९ इंच व्यासाचे, नवे ३१ इंची. "दोन इंचानं काय हुतंय?" असं दादाचं म्हणणं. जीप वडापला चालायची, म्हणजे सगळं घर त्या चार चाकांवर. त्यामुळे सुट्टीत घरी गेलो की मी आधी गाडीखाली शिरायचो.

आता गणित बघा. व्यास दोन इंच वाढला तरी गाडी उचलली जाते एकच इंच, पण चाकाची त्रिज्या सात टक्क्यांनी वाढते. एक्सलचा टॉर्क तोच, म्हणजे जमिनीवरची ओढ साडेसहा टक्के कमी. यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या गिअरच्या जागी पहिला लागू लागला, हाफ क्लच वाढला, क्लच प्लेट वेळेआधीच गेली. रुंद टायर आत घासू नये म्हणून रिम बाहेर काढलेली. त्याने हबच्या बेअरिंगवर भार आला. मग किंगपिन आणि टाय-रॉड एंडमध्ये प्ले आला, टो-इन बिघडलं आणि पुढचे टायर एका कडेने झिजू लागले. म्हणजे टायरने गाडी खाल्ली आणि गाडीने टायर! मीटरही फसवा. काटा ६० वर असताना गाडी ६४ ने पळते. मीटरवर १०,००० किलोमीटर होईपर्यंत खरे जवळजवळ १०,७०० झालेले असतात, ऑइल बदलणं तेवढंच लांबतं.

हे सगळं पैशात तरी मोजता येतं. ब्रेकचं तसं नाही. ड्रम तेच, लायनर तेच, चाक मात्र मोठं. पायाच्या त्याच दाबाला गाडी उशिरा थांबते. घाट उतरणाऱ्या भरल्या जीपमध्ये बाजाराला निघालेल्या आज्या असतात, शाळेची पोरं असतात. त्यांनी काही ३१ इंचांचा हट्ट धरलेला नसतो. दुरुस्तीची बिलं बघून दादा हसला होता, ब्रेकचं गणित कागदावर मांडलं तेव्हा गप्प झाला. पुढच्याच महिन्यात जुन्या मापाचे टायर परत बसले.

मोठे टायर लावूच नयेत असं नाही. पण मग क्राऊन-पिनियन, ब्रेक, मीटर, सगळंच त्या मापाला आणावं लागतं. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप ६.००-१६ च्या, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद टायरवर चिखल तुडवत गेली. हलकी गाडी, फोर-व्हील ड्राइव्ह आणि लो गिअर यांचा मेळ तिच्यात होता.

मशीन डिझाइनच्या पेपरात वरचं एक माप बदललं की खालची सगळी उत्तरं पुन्हा काढावी लागतात. पेपरात चुकलं तर मार्क जातात. घाटात मार्कांवर भागत नाही, एवढंच.