‘कलर-ब्लाइंड’ राज्यकर्ते आणि कृष्णवर्णीयांचे हक्क

२१ जानेवारी २०२५. डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष होऊन एकच दिवस झाला होता. त्या दिवशी त्यांनी एका सहीने १९६५ सालचा एक आदेश रद्द केला. लिंडन जॉन्सन यांनी काढलेल्या त्या आदेशाने सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांवर बंधन घातले होते. नोकरी देताना वर्ण, धर्म, मूळ देश पाहून भेदभाव करायचा नाही आणि डावललेल्यांना संधी मिळावी म्हणून स्वतःहून पावले उचलायची. आता गंमत पाहा. तो रद्द करणाऱ्या नव्या आदेशाचे शीर्षक काय? बेकायदा भेदभाव संपवणे आणि गुणवत्तेवर आधारलेली संधी परत आणणे! भेदभाव रोखणारी व्यवस्था मोडली, तीही भेदभाव संपवण्याच्या नावाने.

हे शब्द आपल्या चांगल्याच ओळखीचे आहेत. म्हणून अमेरिकेतल्या रिपब्लिकन म्हणजे तिथल्या परंपरावादी पक्षाच्या राजकारणावर लिहावेसे वाटले. आमच्या अभ्यासवर्गातली पोरे विचारतात, ‘ट्रम्पचे आपल्याला काय?’ ट्रम्पचे आपल्याला काही नाही. पण ‘स्वातंत्र्य’ आणि ‘समान संधी’ हेच शब्द वापरून वंचितांचे हक्क कसे काढून घेतले जातात, याचा दीडशे वर्षांचा अनुभव कृष्णवर्णीय समाजाकडे आहे. तो आपण वाचला पाहिजे.

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. करत होतो तेव्हा आमचे एक प्राध्यापक अभिमानाने सांगायचे, ‘मी वर्गात जात बघत नाही, मला सगळे सारखे.’ चांगली गोष्ट. पण फॉर्म भरायची वेळ आली की भर वर्गात हाक यायची, ‘स्कॉलरशिपवाले मागे थांबा.’ लघुप्रबंधाचे विषय वाटताना आम्हाला न विचारताच ‘तुम्ही दलित चळवळ घ्या’ असे ठरलेले असायचे. इतरांना जागतिकीकरण, शहरीकरण, माध्यमे. जात न पाहणाऱ्या डोळ्यांना ती नेमक्या वेळी बरोबर दिसायची. ‘कलर-ब्लाइंड’ या शब्दाचा अर्थ आम्हाला पुस्तकाआधी तिथे कळला.

हा शब्द गाजवला तो १८९६ साली न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी. लुइझियाना राज्याने गोऱ्या आणि काळ्या प्रवाशांसाठी रेल्वेचे वेगळे डबे केले होते. ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते योग्य ठरवले. एकटे हार्लन विरोधात गेले आणि त्यांनी लिहिले की आपले संविधान रंग पाहत नाही. शब्द जन्माला आला तो विषमतेच्या विरोधात, पण आज तो ज्यांच्या तोंडी आहे ते त्याच परिच्छेदाची सुरुवात गाळतात. तिथे हार्लन म्हणतात, गोरा वंश या देशात प्रतिष्ठा, शिक्षण, संपत्ती, सत्ता यांत वरचढ आहे आणि पुढेही राहील. म्हणजे समाजात कोण वर आणि कोण खाली हे त्यांना स्वच्छ दिसत होते. फक्त कायद्याने ते पाहू नये, एवढेच म्हणणे.

त्याहून महत्त्वाचे वर्ष १८८३. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले होते. तेव्हा तिथे खरेच आशेचे दिवस होते. संविधानात गुलामी संपवणारी, समान संरक्षण देणारी, मताचा हक्क देणारी दुरुस्ती झाली होती. १८७५ साली तर कायदा झाला की खाणावळी, नाटकगृहे, वाहने यांत वर्णावरून कोणाला अडवायचे नाही. ‘गुलामगिरी’ येऊन दहाच वर्षे झाली आणि सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्द केला. न्यायमूर्ती ब्रॅडली यांच्या निकालपत्राचा आशय असा, की कधीतरी या माणसाने कायद्याचा खास लाडका असणे सोडून साधा नागरिक व्हायला हवे. गुलामी संपून किती वर्षे झाली होती? अठरा! अडीचशे वर्षांच्या बेड्या, आणि अठराव्या वर्षी प्रश्न की ‘अजून किती दिवस?’

आणि बाबासाहेबांनी काय केले पाहा. १९४७ साली संविधान सभेसाठी लिहिलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात अस्पृश्यांना सार्वजनिक ठिकाणी समान वागणूक मिळावी म्हणून त्यांनी जी कलमे सुचवली, ती अमेरिकेतल्या १८६६ आणि १८७५ च्या याच नागरी हक्क कायद्यांवरून घेतल्याचे टिपेत नोंदवले आहे. जो कायदा अमेरिकेने फेकून दिला, तो बाबासाहेबांनी उचलून आपल्यासाठी मागितला. त्याआधीच्या वर्षी त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची प्रत मागवली होती. त्यांचे अमेरिकेकडे लक्ष होते ते शोभेसाठी नव्हते. (पुढे १९७२ मध्ये मुंबईच्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. त्याचे मूळही याच नात्यात आहे.)

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण आपल्यातले काही कार्यकर्ते ‘रिपब्लिकन म्हणजे कायम वर्णद्वेषी’ असे सरसकट बोलून मोकळे होतात. तसे नाही. गुलामी संपवणारा लिंकन याच पक्षाचा. १९५७ साली लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना जाता यावे म्हणून लष्कर पाठवणारे आयझेनहॉवर याच पक्षाचे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅट सदस्यांपेक्षा रिपब्लिकन सदस्यांनी जास्त प्रमाणात पाठिंबा दिला. पण त्याच वर्षी या पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवार कोण दिला? त्या कायद्याविरुद्ध मत देणारे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर.

गोल्डवॉटर यांचा मुद्दा नीट समजून घ्या. ते वैयक्तिक आयुष्यात वर्णद्वेष्टे नव्हते. अॅरिझोनाच्या हवाई नॅशनल गार्डमधला वर्णभेद मोडायला त्यांनी मदत केली होती. त्यांचे म्हणणे एवढेच की हॉटेलमालकाने कोणाला वाढावे, कारखानदाराने कोणाला कामावर घ्यावे, हे केंद्र सरकारने सांगू नये. तो त्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. इथे आम्हाला महाड आठवते. चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर सवर्णांनी कोर्टात काय दावा लावला होता? ‘अस्पृश्य हलके आहेत’ असा नाही. तळे सार्वजनिक नाही, आमच्या खासगी मालकीचे आहे, असा. बाबासाहेबांना तो दावा मुंबई हायकोर्टापर्यंत लढवावा लागला आणि निकाल लागला १९३७ मध्ये, दहा वर्षांनी. मालकाच्या स्वातंत्र्यात तहानलेल्याचे स्वातंत्र्य बसत नाही, ही गोष्ट तेव्हाही होती.

गोल्डवॉटर सपशेल हरले. पण जिंकलेल्या सहा राज्यांपैकी पाच खोल दक्षिणेतली होती, जिथे गोरे मतदार या कायद्यावर चिडलेले होते. पक्षाने धडा घेतला. निक्सन यांनी ‘कायदा आणि सुव्यवस्था’ची भाषा पुढे आणली. रीगन यांनी १९८० च्या प्रचारात मिसिसिपीतल्या नेशोबा काउंटीच्या जत्रेत ‘राज्यांच्या हक्कां’वर भाषण केले. त्याच काउंटीत १९६४ साली नागरी हक्कांच्या तीन तरुण कार्यकर्त्यांचा खून झाला होता. वर्णाचा शब्दही उच्चारायचा नाही, आणि ज्याला ऐकू जायचे त्याला ऐकू जाते. २००५ मध्ये पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष केन मेलमन यांनी एनएएसीपीच्या अधिवेशनात या राजकारणाबद्दल चूक कबूल केली. वीस वर्षांनी त्या कबुलीचे काय उरले ते दिसतेच आहे.

खरा अभ्यास करायचा तो मताधिकाराचा. १८७० पासून कृष्णवर्णीय पुरुषांना संविधानाने मताचा हक्क होता. कागदावर. प्रत्यक्षात साक्षरतेच्या परीक्षा, मतदानाचा कर, मारहाण. मार्च १९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर लोकांनी लाठ्या खाल्ल्या आणि ऑगस्टमध्ये मताधिकार कायदा झाला. या कायद्याने नवा हक्क दिला नाही, यंत्रणा दिली. ज्या राज्यांचा भेदभावाचा इतिहास आहे त्यांनी निवडणुकीचा कोणताही नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची. मतदान केंद्र हलवायचे असले तरी आधी विचारायचे. पीडिताने कोर्टात खेटे घालायचे नाहीत, सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर. मिसिसिपीत १९६५ साली जेमतेम ७ टक्के पात्र कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंद होती. दोन वर्षांत ती ६० टक्क्यांच्या आसपास गेली. जे ९५ वर्षांत झाले नाही ते दोन वर्षांत.

या कायद्याला वेळोवेळी मुदतवाढ लागायची. १९७०, १९७५, १९८२, २००६ अशा चारही वेळा सही करणारे राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन होते. निक्सन, फोर्ड, रीगन, धाकटे बुश. रीगन यांच्या सरकारला १९८२ ची कडक तरतूद नको होती, तरी सही करावी लागली, कारण बाहेर चळवळ उभी होती. २००६ साली सिनेटमध्ये ९८ विरुद्ध ० मते पडली. मग हा कायदा मोडला कोणी? ज्याला निवडून यावे लागत नाही त्याने. रीगन यांच्या न्याय खात्यात त्या कडक तरतुदीविरुद्ध टिपणे लिहिणारा एक तरुण वकील होता, जॉन रॉबर्ट्स. २०१३ मध्ये तो देशाचा सरन्यायाधीश होता आणि ‘शेल्बी काउंटी विरुद्ध होल्डर’ खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी त्यानेच निकाल लिहिला. तोही किती बेताने! पूर्वपरवानगीचे कलम रद्द केले नाही. फक्त कोणत्या राज्यांना ते लागू होईल हे ठरवणारे सूत्र जुने झाले म्हणून रद्द केले. कुलूप दारावर तसेच ठेवले आणि कडी काढून नेली. कारण काय, तर दक्षिण बदलली आहे. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात लिहिले की पावसात भिजत नाही म्हणून छत्री फेकून देण्यासारखे हे आहे. त्याच दिवशी टेक्सासने मतदार ओळखपत्राचा कडक कायदा लागू करत असल्याचे जाहीर केले. त्यात पिस्तुलाचा परवाना चालतो, विद्यार्थ्याचे कॉलेजचे ओळखपत्र चालत नाही. नॉर्थ कॅरोलायनानेही कायदा केला. तो कृष्णवर्णीयांना शस्त्रक्रियेइतक्या अचूकतेने लक्ष्य करतो असे अपील कोर्टाने २०१६ मध्ये म्हटले आणि रद्द केला. पण मधल्या तीन वर्षांत निवडणुका होऊन गेल्या होत्या.

जून २०२३ मध्ये याच कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या प्रवेशात वर्णाचा विचार करणे घटनाबाह्य ठरवले. रंग पाहायचा नाही, म्हणजे नाही. मग सप्टेंबर २०२५ मध्ये लॉस एंजेलिसचे प्रकरण आले. इमिग्रेशनचे अधिकारी लोकांना रस्त्यात अडवत होते. खालच्या कोर्टाने बजावले होते की दिसायला कसा आहे, स्पॅनिश बोलतो का, कुठे उभा आहे, काय काम करतो, एवढ्यावरून कोणाला अडवू नका. सुप्रीम कोर्टाने त्या मनाईला स्थगिती दिली. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी लिहिले की वंश हे एकटे कारण पुरेसे नाही, पण इतर गोष्टींबरोबर त्याचा विचार होऊ शकतो. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी कडाडून विरोध केला. आम्ही हे दोन निकाल शेजारी ठेवून पोरांना वाचायला दिले. कॉलेजच्या दारात रंग दिसत नाही, कार धुण्याच्या जागी बरोबर दिसतो. जागा द्यायची असेल तर डोळे मिटलेले, पकडायचे असेल तर उघडे.

यातून डेमोक्रॅट सुटतात असेही समजू नका. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले जातिभेदविरोधी विधेयक तिथल्या डेमोक्रॅट गव्हर्नरनी नाकारले. सध्याच्या कायद्यात जात येतेच, वेगळे कशाला, असे त्यांचे म्हणणे. तिकडे नोकरी करणारी आपली माणसे आडनाव लपवून राहतात, त्यांना हे ‘येतेच’ कुठे येते ते विचारा.

आपल्याकडे २० मार्च २०१८ रोजी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, सुप्रीम कोर्टाने अॅट्रॉसिटी कायद्यात अटकेआधी मंजुरी आणि गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट घातली. कारण दिले निरपराधांच्या स्वातंत्र्याचे. कायदा जागेवर, कडी काढलेली. २ एप्रिलला भारत बंद झाला, आपली माणसे मेली. ऑगस्टमध्ये केंद्रातल्या भाजप सरकारने कलम १८-अ आणून ती अट उडवली आणि पुढच्या वर्षी कोर्टाने स्वतःचे ते निर्देश मागे घेतले. काही जण आजही हे सरकारचे उपकार म्हणून सांगतात. रीगन यांची सही जितकी उपकाराची होती तितकेच हे उपकार.

आता कडी जाते ती निकालाने नाही, दुर्लक्षाने. याच कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य समितीची वर्षातून दोनदा. आम्ही एका जिल्ह्यात माहिती अधिकारात तीन वर्षांची इतिवृत्ते मागितली. मिळाली चार. त्यातल्या दोन कागदांवर मजकूर शब्दशः तोच, तारीख तेवढी वेगळी. पहिले अपील दाखल केले आहे. ज्यांना आपापल्या जिल्ह्यात हाच अर्ज टाकायचा आहे त्यांनी नमुना मागून घ्या. एका पानाचा आहे आणि दहा रुपयांचे तिकीट लागते.

जय भीम.