शेवाळाला लावलेलं काम

हिरकणीवाडीत उन्हाळ्यात आमच्या घरी हंड्या-हंड्याचा हिशेब असतो. माझ्या खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीत दोन क्लाऊनफिश आहेत. प्रवाळ ठेवले नाहीत. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने खडक बांधणारे प्रवाळ संरक्षित आहेत. माशांच्या घाणीतून नायट्रेट साठतं, मग पाणी बदलावं लागतं. अम्मी म्हणाली, “माणसांना पुरत नाही, माशांना कुठून आणतोस?”

म्हणून भरतकामाची प्लास्टिकची जाळी करवतीच्या पात्याने खरखरीत केली. लांब चीर पाडलेल्या पीव्हीसी नळीतून तिच्यावर पंपाचं पाणी सोडलं, समोर एलईडी दिवा लावला. जाळीवर शेवाळ धरलं. नायट्रेट आणि फॉस्फेट घेऊनच ते वाढतं. स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर अ‍ॅडी यांनी प्रवाळांच्या टाक्यांसाठी हीच रीत वापरली. आठवड्याला शेवाळ खरवडून काढायचं, पातळ थर राखायचा. राहू दिलं तर सडून सगळी घाण पुन्हा पाण्यात.

आता पाणी क्वचितच बदलतो. आटलेल्याची भर मात्र गोड्या पाण्याने घालावी लागते. तेवढं माझ्या आंघोळीच्या बादलीतून घेतो.