हाताच्या उंचीचे काम

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी एक भिंत उभारली. ती विटांची नव्हे, लाकडी फळ्यांची. आणि घराची नव्हे, मोटार उभी करण्याच्या मांडवाची. ज्या कारणासाठी ती उभारली ते तुमच्यापैकी काहींच्या घरातही असेल, म्हणून ही हकिगत तुम्हांला सांगावीशी वाटली.

माझ्या पत्नीला गेली सहा वर्षे पार्किन्सन्सचा विकार आहे. आम्ही दोघे लेकीकडे, न्यूझीलंडमधील हॅमिल्टन येथे राहतो. घराला लागून लाकडी खांबांवर छप्पर घातलेला मोकळा मांडव आहे. इकडे त्याला कारपोर्ट म्हणतात. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा पाऊस आडवा आणतो आणि तो थेट या मांडवात शिरतो. पार्किन्सन्सच्या रुग्णाचे पाय दारातून निघताना किंवा वळताना अचानक जमिनीला खिळतात, हे काळजी घेणाऱ्यांना ठाऊक असेल. गेल्या वर्षी जूनमध्ये गाडीच्या दाराशी तिचे पाऊल असेच अडले. अंगावर झड आली, मी घाई केली, आणि ओल्या फरशीवर ती पडली. हाड मोडले नाही; मात्र त्या दिवसापासून तिने बाहेर पडणेच सोडले. व्यायामाचा वर्ग सुटला, मैत्रिणी दुरावल्या.

पश्चिमेची बाजू बंद करायची, असे मी ठरवले. पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या माणसाला पाणी अडवण्याचे काम परके वाटू नये! लेक मात्र ठाम होती. ‘‘बाबा, तुम्ही शिडीवर चढायचे नाही.’’ रक्तदाबाच्या गोळीमुळे मला उठताना भोवळ येते, हे तिला ठाऊक होते. तिने शिडी कुलपात ठेवली. मी रागाने त्या रात्री जेवलो नाही. आज लिहिताना कबूल करतो, तिचे चुकले नव्हते. पण मला निव्वळ खुर्चीवर बसवून ठेवणे हाही उपाय नव्हता.

तोडगा जावयांनी काढला. ते म्हणाले, ‘‘खांद्यापर्यंतची भिंत तुमची, त्यावरची माझी.’’

प्रथम नगरपालिकेत चौकशी केली आणि एका जाणत्या सुताराला खांब दाखवले. हे टाळू नका. मोकळ्या मांडवातून वारा आरपार जातो. भिंत घातली की तोच वारा तिला ढकलतो आणि सारा भार खांबांवर येतो. त्याच्या सांगण्यावरून कोपऱ्यांत तिरपे आधार ठोकले, मग दोन खांबांमध्ये उभ्या पट्ट्या बसवल्या. बाकीच्या बाजू मोकळ्याच ठेवल्या. बंदिस्त जागेत गाडीचा धूर साचणे जिवावर बेतू शकते.

फळ्या खालून वर बसवायच्या, वरच्या फळीची कड खालच्या फळीवर सुमारे तीन सेंटीमीटर येऊ द्यायची. लहानपणी कोकणात पावसाळ्यापूर्वी पडवीला झापे बांधताना आजोबांनी हेच शिकवले होते. सर्वांत खालची फळी फरशीपासून दहा सेंटीमीटर वर ठेवली, म्हणजे उडणारे पाणी लाकडात मुरत नाही. प्रत्येक फळीला खिळा जोडाच्या किंचित वर मारला. एकाच खिळ्यात दोन फळ्या जखडल्या, तर लाकूड फुगता-आकसताना चिरते. आतून अस्तर लावले नाही. या देशात १९९०च्या दशकात बांधलेली अनेक घरे भिंतीत शिरलेले पाणी सुकायला वाट न मिळाल्याने कुजली. आमची भिंत दोन्ही बाजूंनी वाळते.

आता प्रकृतीविषयी. लाकूड कमरेच्या उंचीच्या मेजावर कापले, जमिनीवर वाकून नाही. अर्धा तास काम, मग बसून पाणी. थंडीत तहान लागत नाही, म्हणून घड्याळ लावून. येथील पाइनच्या लाकडाला कीड लागू नये म्हणून त्यात बहुधा तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकयुक्त रसायन मुरवलेले असते. त्याचा भुसा नाकात जाऊ नये म्हणून चांगला मुखपट्टा हवा, करवत मोकळ्या हवेत चालवावी आणि उरलेले तुकडे शेकोटीत कधीही जाळू नयेत. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर हातमोजे घालावेत आणि करवत दुसऱ्याच्या हाती द्यावी.

तिसऱ्या दिवशी पत्नी खुर्ची घेऊन अंगणात आली आणि म्हणाली, ‘‘मला काही द्याल की नाही?’’ मी तिला ब्रश दिला. कापलेल्या टोकांना अस्तराचा रंग लावणे महत्त्वाचे असते, कारण लाकूड टोकांतूनच अधिक पाणी पिते. तिचा हात थरथरत होता, रंग पदरावरही सांडला. पण एकही टोक कोरडे राहिले नाही. त्या दिवशी मला लेकीवरचा माझा राग आठवला. हिचे प्रत्येक काम काढून घेताना मीही तेच करत आलो होतो; फरक इतकाच, की हिने कधी जेवण सोडले नव्हते.

भिंत पूर्ण व्हायला पाच आठवडे लागले. सुताराने चार दिवसांत केली असती. दोन फळ्या किंचित वाकड्या आहेत, त्या माझ्याच उंचीवरच्या.

तिचे पाऊल आजही गाडीच्या दाराशी अडते. भिंतीने आजार बरा होत नाही. मात्र अंगावर पाऊस येत नाही, म्हणून मी तिला ओढत नाही. आम्ही दोघे उभे राहतो, मी हळू आवाजात एक-दोन-तीन मोजतो आणि तिचे पाऊल उचलले जाते. गुरुवारचा व्यायामवर्ग पुन्हा सुरू झाला आहे.

घरातील वडीलधाऱ्यांच्या हातून एखादे काम काढून घेण्यापूर्वी, त्यातला कोणता भाग त्यांच्या हाताच्या उंचीचा आहे, एवढे अवश्य पाहा. आणि वडीलधाऱ्यांनो, शिडी कुलपात असेल, तर ती तिथेच राहू द्या.